विश्लेषण : हाय हील्सची ‘सवय’ होते म्हणजे शरीरात नेमके काय होते?

‘सुरुवातीला थोडे दुखेल, मग सवय होईल.’ केबिन क्रूच्या प्रशिक्षण वर्गात दाखल झालेल्या मुलीला, हॉटेलच्या फ्रंट ऑफिसमध्ये नव्याने रुजू झालेल्या कर्मचारीला किंवा रिसेप्शनसाठी पहिल्यांदाच चार इंची सँडल घेणाऱ्या नवरीला हमखास मिळणारा हा सल्ला. तो चुकीचा नाही. उंच टाचांची सवय खरोखर होते. मात्र ही सवय फक्त मनाची किंवा चालण्याच्या ढबीची नसते. पोटरीचे स्नायू आखूड होतात, टाचेमागची कंडरा ताठर होते, घोट्याची हालचाल बदलते. शरीर हील्सशी जितके जुळवून घेते, तितके सपाट जमिनीवर चालणे त्याला जड जाऊ लागते. हे टाळून हील्स घालता येतात का, आणि येत असतील तर कशा?

विषय चर्चेत का?

गेल्या दशकभरात हील्सचा प्रश्न फॅशनच्या पानावरून कामगार कायद्यांच्या पानावर आला. डिसेंबर २०१५ मध्ये लंडनमध्ये निकोला थॉर्प ही तात्पुरती रिसेप्शनिस्ट सपाट बूट घालून कामावर गेली. दोन ते चार इंचांची हील घालण्याचा नियम तिने नाकारला आणि तिला पगाराविना घरी पाठवण्यात आले. तिच्या ऑनलाइन याचिकेवर दीड लाखांहून अधिक सह्या झाल्या, जानेवारी २०१७ मध्ये ब्रिटिश संसदेच्या समित्यांनी या विषयावर अहवाल दिला. सरकारने मात्र नवा कायदा करण्यास नकार दिला. २०१० चा समानता कायदा पुरेसा आहे, असे त्याचे म्हणणे होते.

त्याच वर्षी कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांताने हील्सच्या सक्तीला चाप लावला. फिलिपिन्स त्याहून पुढे गेला. तिथल्या कामगार खात्याने ऑगस्ट २०१७ मध्ये उभ्याने काम करणाऱ्यांसाठी आदेश काढला आणि त्यात टाचेची उंची एक इंचापेक्षा जास्त नसावी, असे स्पष्ट लिहिले. मॉलमध्ये दिवसभर उभ्या राहणाऱ्या विक्रेत्या मुलींना याचा थेट फायदा होता.

जपानमध्ये २०१९ च्या सुरुवातीला लेखिका-अभिनेत्री युमी इशिकावा यांनी कामावर हील्स का घालाव्या लागतात, असा प्रश्न ट्विटरवर विचारला आणि त्यातून ‘कुटू’ चळवळ उभी राहिली. ‘कुत्सु’ म्हणजे बूट, ‘कुत्सू’ म्हणजे वेदना आणि ‘मीटू’ या तिन्हींवरची ती कोटी. जूनमध्ये सुमारे १८ हजार ८०० सह्यांची याचिका कामगार मंत्रालयाला देण्यात आली, तेव्हा तत्कालीन कामगारमंत्र्यांनी समाजाला जे आवश्यक आणि रास्त वाटते त्याच्या चौकटीत ही सक्ती बसत असल्याचे सुचवले. त्यावरून मोठा गदारोळ झाला. पुढच्याच वर्षी जपान एअरलाइन्सने महिला कर्मचाऱ्यांसाठी हील्सची अट काढून टाकली.

भारतातही गणवेशांतून दोन वेगळे रस्ते दिसतात. २०२२ मध्ये आकासा एअरने केबिन क्रूच्या गणवेशात स्नीकर्स आणले. डिसेंबर २०२३ मध्ये एअर इंडियाचा नवा गणवेश आला, त्यात महिला क्रूसाठी काळ्या-बरगंडी रंगाच्या ब्लॉक हील्स आहेत आणि पुरुष क्रूसाठी ब्रोग पद्धतीचे बूट. ब्लॉक हील ही पेन्सिल हीलपेक्षा निश्चितच सुसह्य. तरीही एकाच विमानात, एकाच गल्लीतून तीच ट्रॉली ढकलणाऱ्या दोघांपैकी एकाचीच टाच उंच आहे, हे लपत नाही.

उंच टाचेत पाय नेमका कसा उभा असतो?

थोडी भूमिती. २४ सेंटिमीटर लांबीच्या पावलात टाचेपासून चवड्यापर्यंतचे अंतर ढोबळमानाने १६ सेंटिमीटर धरू. टाच ५ सेंटिमीटर, म्हणजे दोन इंच उचलली की पावलाचा उतार सुमारे १८ अंश होतो. साडेसात सेंटिमीटरला तो २८ अंशांवर जातो आणि १० सेंटिमीटर, म्हणजे चार इंचांना जवळपास ३९ अंशांवर. यातून दोन गोष्टी कळतात. एक, उंची दुप्पट झाली की उतार दुपटीपेक्षा जास्त वाढतो. दोन, लहान पावलाच्या मुलीला तीच चार इंची हील मोठ्या पावलाच्या मैत्रिणीपेक्षा अधिक उभी पडते. ‘तिला जमते, तुला का नाही?’ या प्रश्नाचे उत्तर अनेकदा चपलेच्या नंबरात असते.

या उतारावर शरीराचा भार चवड्यावर आणि बोटांच्या मुळाशी सरकतो. त्यात बूट पुढे निमुळता असेल तर घसरत आलेली बोटे पाचरीसारखी ठोकली जातात. अंगठ्याच्या मुळाशी हाड बाहेर येणे, भोवऱ्या, बोटांमध्ये मुंग्या येणे या तक्रारींचे मूळ बहुधा टाचेच्या उंचीइतकेच या निमुळत्या टोकात असते. सपाट पण टोकदार बुटातही त्या होतात.

दुसरा बदल घोट्यात होतो आणि तो बाहेरून दिसत नाही. घोट्याच्या खोबणीत बसणारे हाड पुढच्या बाजूला रुंद आणि मागच्या बाजूला अरुंद असते. पाऊल सपाट असताना रुंद भाग खोबणीत घट्ट बसतो. टाच उंचावली की अरुंद भाग तिथे येतो आणि सांध्यात मोकळीक निर्माण होते. सैल बसलेल्या खुंटीसारखी ही अवस्था. सांधा स्वतः घट्ट नसल्याने पाय मुरगळू न देण्याची जबाबदारी घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या स्नायूंवर येते. हील्समध्ये पाय लवकर थकतात त्याचे हे एक कारण.

कमरेचा बाक वाढतो, असे मात्र सरसकट छापले जाते, त्याबाबत मोजमापांत एकमत नाही. काही जणींच्या कमरेचा बाक वाढतो, काहींचा उलट कमी होतो. प्रत्येकीचे शरीर पुढे गेलेला तोल आपापल्या पद्धतीने सावरते; कोणी गुडघ्यातून, कोणी कमरेतून.

हा सगळा खटाटोप मुळात चालण्यासाठी नव्हताच. उंच टाचेचे बूट इराणी घोडेस्वार वापरत, रिकिबीत पाय अडकून राहावा म्हणून. सतराव्या शतकात ते युरोपातील सरदारांनी उचलले. फ्रान्सचा राजा चौदावा लुई लाल टाचांसाठी प्रसिद्ध होता. घोड्यावरून उतरलेली टाच पुढे बायकांच्या पायात आली आणि पुरुषांच्या पायातून गेली.

‘सवय’ झाली म्हणजे काय झाले?

वर्षानुवर्षे हील्स घालणाऱ्या अनेक जणी सांगतात की सपाट चप्पल घातली की पोटऱ्या दुखतात, हील्समध्येच बरे वाटते. ऐकणाऱ्याला हा नखरा वाटतो. मँचेस्टर मेट्रोपॉलिटन विद्यापीठातील मार्को नारिची आणि व्हिएन्ना विद्यापीठातील रॉबर्ट झापो यांच्या चमूने नेमकी हीच तक्रार तपासली. किमान पाच सेंटिमीटरच्या हील्स दोन वर्षांहून अधिक काळ, आठवड्याचे बहुतेक दिवस घालणाऱ्या महिलांच्या पोटऱ्या त्यांनी अल्ट्रासाऊंड आणि एमआरआयने मोजल्या आणि सपाट पादत्राणे वापरणाऱ्यांशी त्यांची तुलना केली. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार हील्सवाल्यांच्या पोटरीतील स्नायुतंतू सरासरी १३ टक्के आखूड होते. टाचेमागे हाताला दोरीसारखी लागते ती अकिलिस कंडरा अधिक जाड आणि २२ टक्के अधिक ताठर झाली होती.

कारण सरळ आहे. टाच वर उचललेली असताना पोटरीची दोन टोके जवळ आलेली असतात. स्नायूला दिवसाचे आठ-दहा तास याच आखूड लांबीत काम करावे लागले तर तो आपली लांबीच कमी करून घेतो. कापड न वापरता घडी घालून ठेवले की घडी पक्की होते, तसे. आखूड झालेला स्नायू हील्समध्ये उत्तम चालतो. पोटरीची ताकद कमी झाल्याचेही या अभ्यासात आढळले नाही. अडचण येते ती हील्स काढल्यावर. सपाट जमिनीवर टाच टेकवण्यासाठी लागणारी लांबी स्नायूत उरलेली नसते आणि कंडराही ताणायला तयार नसते. तक्रार करणाऱ्या महिला खरे बोलत होत्या.

ऑस्ट्रेलियातील ग्रिफिथ विद्यापीठाचा अभ्यास याच्या पुढचा आहे. त्याची सुरुवातही गमतीची. नील क्रोनिन आणि त्यांचे सहकारी विद्यापीठाच्या आवारात कॉफी पीत असताना हील्समध्ये अडखळत चाललेली एक तरुणी त्यांना दिसली आणि प्रयोगाची कल्पना सुचली. किमान दोन वर्षे, आठवड्याला ४० तास किंवा अधिक काळ हील्स घालणाऱ्या नऊ तरुणींना त्यांनी प्रयोगशाळेत चालवले. त्यातील लक्षवेधी भाग अनवाणी चालण्याचा आहे. हील्स काढूनही या तरुणींची चाल सपाट पादत्राणे घालणाऱ्यांसारखी झाली नाही. पावले आखूड राहिली, बोटे खाली झुकलेली राहिली आणि चालताना पोटरीच्या स्नायूवर जास्त ताण आला. एरवी चालताना बराचसा भार कंडरा स्प्रिंगसारखा झेलते आणि परत देते. इथे ते काम स्नायूच्या अंगावर पडत होते, म्हणजे तेवढ्याच चालण्याला जास्त कष्ट.

या सहभागींचे सरासरी वय पंचविशीच्या आसपास होते, हे लक्षात घेण्यासारखे. त्याच वेळी दोन्ही अभ्यास लहान आहेत, प्रत्येकी वीसेक महिलांचे. टक्केवारीचे आकडे प्रत्येकीला जसेच्या तसे लागू होणार नाहीत. दोन देशांतील, वेगळ्या पद्धतीच्या मोजमापांतून दिशा मात्र एकच दिसते.

घरच्या घरी अंदाज घ्यायचा तर भारतीय घरात सोपी चाचणी आहे. अनवाणी, टाचा जमिनीवर टेकवून उकिडवे बसून पाहावे. देशी शौचालयात किंवा विळीवर भाजी चिरताना आपण बसतो तसे. टाचा उचलल्या जात असतील, मागे पडायला होत असेल, तर घोट्याची पुढे वाकण्याची क्षमता कमी झालेली असू शकते. हील्स हे त्याचे एकमेव कारण नाही. खुर्ची आणि कमोडवर आयुष्य काढलेल्या कित्येक पुरुषांनाही असे बसता येत नाही. म्हणून तुलना स्वतःशीच करावी. मागच्या वर्षी जमत होते आणि आता जमत नाही, ही सूचना आहे.

मग घोटा मजबूत होतो की कमकुवत?

दोन्ही, आणि त्याच क्रमाने. दक्षिण कोरियातील हान्सो विद्यापीठात विमानसेवेचे शिक्षण घेणाऱ्या मुली वर्गातही हील्स घालून येतात, कारण पुढे नोकरीत त्या घालाव्या लागणार असतात. तिथल्या संशोधकांनी चारही वर्षांच्या प्रत्येकी दहा विद्यार्थिनींच्या घोट्यांची ताकद आणि तोल तपासला. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाच्या मुलींच्या घोट्याचे काही स्नायू पहिल्या वर्षाच्या मुलींपेक्षा बळकट निघाले. ‘सवय होते’ ती हीच. पण सर्वाधिक काळ हील्स घातलेल्या चौथ्या वर्षाच्या मुलींचे स्नायू कमकुवत आढळले आणि त्यांचा तोलही खालावलेला होता.

हा अभ्यास त्याच मुलींचा चार वर्षे मागोवा घेऊन झालेला नाही; चार वेगळ्या वर्गांतील मुली एकाच वेळी तपासल्या. त्यामुळे घसरण हील्समुळेच झाली, असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. पण सवयीबद्दलच्या सल्ल्यातील पळवाट तो नेमकी दाखवतो. पहिल्या काही महिन्यांत, वर्षात जे बरे वाटते ते कायमचे बरे असेलच असे नाही. ‘आता मला काही होत नाही’ असे ज्या टप्प्यावर वाटते, त्याच टप्प्यावर व्यायामाची गरज सुरू होते. अंधेरीत किंवा पुण्यात सहा महिन्यांचा कोर्स करून मुलाखतींच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या मुलींना चालायचे कसे, हसायचे कसे, हे शिकवले जाते. पोटरी कशी ताणायची, हे त्याच तासात शिकवता येईल.

गुडघ्यांवर परिणाम होतो का?

१९९८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये डॉ. केसी केरिगन आणि सहकाऱ्यांनी २० निरोगी महिलांवर केलेले मोजमाप प्रसिद्ध झाले. हील्समध्ये चालताना गुडघ्याच्या आतल्या बाजूवर भार टाकणारे पीळबळ अनवाणी चालण्याच्या तुलनेत सरासरी २३ टक्के वाढलेले दिसले. गुडघ्याची झीज बहुधा याच आतल्या बाजूने सुरू होते. याच चमूने २००१ मध्ये रुंद टाचेच्या हील्स तपासल्या आणि तिथेही गुडघ्याची सुटका झालेली दिसली नाही. म्हणजे ब्लॉक हीलने तोल सावरतो, पाय मुरगळण्याची भीती कमी होते; गुडघ्याला मात्र टाचेची रुंदी नव्हे, उंची कळते.

तरीही हील्स घातल्या म्हणजे गुडघ्याचा संधिवात होणारच, असे सिद्ध झालेले नाही. २०१६ मध्ये ‘बीएमजे ओपन’ने तोवरच्या अभ्यासांचा आढावा छापला. अंगठ्याचे हाड बाहेर येणे, स्नायू-सांध्यांच्या वेदना आणि दुखापती यांचा हील्सशी संबंध त्यात दिसला. संधिवाताबाबतचा पुरावा अनिर्णीत राहिला. समाजमाध्यमांवरील घाबरवणाऱ्या रील्स हा फरक सांगत नाहीत.

सर्वात जवळचा धोका कोणता?

पडण्याचा. अमेरिकेतील आपत्कालीन विभागांच्या नोंदींवरून अलाबामा विद्यापीठाच्या बर्मिंगहॅम येथील संशोधकांनी काढलेल्या अंदाजानुसार २००२ ते २०१२ या काळात हील्समुळे झालेल्या दुखापतींची संख्या सव्वा लाखाच्या घरात होती आणि या काळात वार्षिक प्रमाण जवळपास दुप्पट झाले. ८० टक्क्यांहून अधिक दुखापती घोटा आणि पावलाच्या होत्या, त्यातही मुरगळणे आणि लचकणे सर्वाधिक. विशीतील तरुणींचे प्रमाण जास्त. आणि जवळपास निम्म्या घटना घरात घडलेल्या. बाहेर पडण्याच्या गडबडीत, जिन्यावर, गुळगुळीत फरशीवर.

पेन्सिल हीलचे गणित इथे पाहण्यासारखे आहे. तिचे टोक साधारण एक चौरस सेंटिमीटरचे. ६० किलो वजनाच्या महिलेने पाऊल टाकताना क्षणभर जवळपास सगळा भार त्या टोकावर आला, तर दाब प्रतिचौरस सेंटिमीटर ६० किलोच्या आसपास जातो. मोटारीच्या टायरमधील हवेचा दाब साधारण सव्वादोन किलो असतो. एवढ्या टोकदार भाराखाली हिरवळ, डांबर आणि जुन्या लाकडी पायऱ्या दबतात. मुंबई-पुण्याच्या पदपथांवरील पेव्हर ब्लॉकच्या फटी तर जणू या टाचेच्या मापाच्याच आहेत. टाच फटीत अडकते, शरीर पुढे जाते आणि आधीच सैल असलेला घोटा बाहेरच्या बाजूला वळतो.

सवय करायचीच असेल तर कशी?

व्यायामशाळेत पहिल्याच दिवशी कोणी ५० किलो उचलत नाही. तोच न्याय इथेही. सुरुवात अडीच ते चार सेंटिमीटरच्या रुंद टाचेने आणि घोट्याभोवती पट्टा असलेल्या सँडलने करावी. मागून उघड्या, पायातून सटकणाऱ्या हील्समध्ये बूट पकडून ठेवण्यासाठी बोटे सतत आवळावी लागतात आणि नवख्या पायाला ते दुहेरी काम होते. पहिले काही दिवस घरातल्या घरात दहा-पंधरा मिनिटे, कोरड्या आणि न घसरणाऱ्या जमिनीवर चालावे. जिना, ओले स्नानगृह आणि कपाटावरचे काढण्यासाठी स्टुलावर चढणे या वेळात नको.

एका वेळी एकच गोष्ट बदलावी. आधी वेळ वाढवायचा, त्या उंचीवर तासभर वेदनेविना जमू लागले की मग उंची. दोन्ही एकदम वाढवले तर दुखणे कशामुळे हे कळत नाही. रात्री पोटऱ्या भरून आल्या आणि सकाळपर्यंत मोकळ्या झाल्या तर ठीक. दुसऱ्या दिवशीही लंगडायला होत असेल तर पुन्हा आधीच्या पायरीवर यावे. चालताना पाऊल नेहमीपेक्षा आखूड टाकावे, आधी टाच आणि मग चवडा टेकवावा, नजर पायाकडे नव्हे तर काही पावले पुढे ठेवावी. पुतळ्यासारखे ताठ राहण्याची गरज नाही, गुडघे किंचित मोकळे हवेत.

व्यायाम हा या सगळ्यातला गाभा, आणि तो हील्स काढल्यावरचा. नारिची यांनीही आपल्या निष्कर्षांनंतर हील्स सोडा असे म्हटले नव्हते, पोटरी ताणण्याचे व्यायाम सुचवले होते. घरच्या जिन्याच्या पायरीवर चवडे ठेवून, कठड्याला धरून टाचा वर न्याव्यात आणि मग अगदी सावकाश पायरीच्या पातळीखाली सोडाव्यात. दहा-पंधरा वेळा, दोन फेऱ्या. स्नायू लांब होत असताना भार झेलतो, हा यातला मुद्दा. म्हणून खाली येतानाची घाई केली तर व्यायाम निम्मा वाया जातो. त्यानंतर भिंतीला हात टेकून, एक पाय मागे, टाच जमिनीवर ठेवून पोटरी अर्धा मिनिट ताणावी. एकदा गुडघा सरळ ठेवून आणि एकदा किंचित वाकवून, कारण पोटरीत दोन मुख्य स्नायू आहेत आणि खालचा स्नायू गुडघा वाकवल्याशिवाय नीट ताणला जात नाही.

घोट्यासाठी दात घासताना एका पायावर उभे राहणे पुरेसे आहे; जमू लागले की डोळे मिटून, बेसिनला धरून. जमिनीवर टाकलेला रुमाल पायाच्या बोटांनी गोळा करणे हा तळव्याच्या छोट्या स्नायूंचा व्यायाम. घरात शक्य तेवढे अनवाणी राहावे. ही सवय मराठी घरांत आहेच, तिचा इथे उपयोग होतो.

हील विकत घेताना काय पाहावे?

खरेदी संध्याकाळी करावी, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात आणि खरे माप कळते. दोन्ही पावले क्वचितच सारखी असतात, मोठ्या पावलाचे माप धरावे. बूट टेबलावर ठेवून टाचेला बोटाने हलका धक्का द्यावा. डगमगली तर परत ठेवावी. पुढे जाड तळ असलेल्या प्लॅटफॉर्म हीलमध्ये चार इंची टाच आणि एक इंची तळ असेल तर पावलाचा उतार तीन इंची हीलइतकाच राहतो, हा फायदा. पण ताठ तळामुळे जमीन जाणवत नाही आणि पाय वळला तर उंचावरून वळतो. जेल पॅड चवड्याची जळजळ कमी करतात, उतार आणि पोटरीचा आखूडपणा यांवर त्यांचा काही परिणाम नाही. उलट दुखणे थांबले म्हणून तास वाढतात.

नवरीसाठी एक वेगळी अडचण असते. लेहंग्याची लांबी हील घालून मोजली जाते आणि मग रिसेप्शनला तीन तास उभे राहून फोटो देताना हील काढली तर घेर पायात येतो. चालण्यापेक्षा एका जागी उभे राहणे पायांना अधिक जाचते, कारण पोटरी हलत नाही आणि भार चवड्यावरच राहतो. माप देतानाच दोन-अडीच इंचांची वेज हील ठरवली तर हा प्रश्न मुळातच सुटतो. लेहंग्याखाली ती दिसतही नाही. सप्तपदी तर अनवाणीच असते.

ज्यांना रोज घालाव्या लागतात त्यांनी?

तास कमी करणे हा सर्वात खात्रीचा उपाय. लोकलच्या लेडीज डब्यात सकाळी नजर टाकली तर पायात फ्लोटर्स किंवा स्नीकर्स आणि पिशवीत हील्स दिसतात. ऑफिसच्या लिफ्टबाहेर अदलाबदल होते. कोणत्याही डॉक्टरने न सांगता बायकांनी शोधलेली ही पद्धत बायोमेकॅनिक्सच्या कसोटीवर उतरते. जागेवर बसल्यावर टेबलाखाली हील्स काढून टाचा जमिनीवर टेकवाव्यात. गाडी चालवताना हील्स नकोतच, कारण टाच टेकवून पाय ब्रेकवर फिरवता येत नाही.

दहा-पंधरा वर्षे हील्स घातलेल्यांनी मात्र एका दिवसात सपाट चपलेवर येऊ नये. आखूड पोटरी आणि ताठर कंडरा अचानक ताणली गेली तर टाचदुखी मागे लागू शकते. काही आठवड्यांत टाचेची उंची थोडीथोडी कमी करावी, सोबत वरचे व्यायाम सुरू ठेवावेत.

मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झालेल्यांनी उंच आणि टोकदार हील्स टाळलेल्या बऱ्या, कारण घासून झालेली जखम त्यांना जाणवत नाही. गरोदरपणात तोल आधीच बदललेला असतो. घोटा वारंवार मुरगळणाऱ्यांनी आणि हाडे ठिसूळ झालेल्यांनीही दूर राहावे. बोटांना सतत बधिरपणा, सकाळी पहिले पाऊल टाकताना टाचेत कळ, टाचेमागे सूज किंवा मुरगळल्यानंतर चार पावलेही न टाकता येणे, यांपैकी काही असेल तर तेल चोळत बसण्याऐवजी अस्थिरोगतज्ज्ञ किंवा फिजिओथेरपिस्ट गाठावा.

नोकरीत सक्ती असेल तर?

केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये दुकाने व आस्थापना कायद्यात दुरुस्ती करून कर्मचाऱ्यांना कामाच्या वेळी बसण्याची सोय देणे बंधनकारक केले. साडी आणि कपड्यांच्या दुकानांत बारा-बारा तास उभ्या राहणाऱ्या महिलांच्या मागणीतून केरळची दुरुस्ती आली. हे कायदे बसण्यापुरते आहेत. पायात काय असावे, हे अजूनही बहुतांश ठिकाणी कंपनीच्या ग्रूमिंग पुस्तिकेत ठरते.

त्यामुळे रुजू होण्यापूर्वी ती पुस्तिका मागून वाचणे उमेदवाराच्या हाती आहे. हीलची किमान उंची लिहिली आहे की फक्त ‘फॉर्मल फुटवेअर’ म्हटले आहे, टाच रुंद चालते का, ड्युटीच्या कोणत्या भागात सपाट बूट घालता येतात, डॉक्टरांचे पत्र दिल्यास सूट मिळते का आणि बूट कंपनी देते की स्वतः घ्यायचे, हे प्रश्न पगाराच्या प्रश्नांसोबत विचारता येतात. कंपनी बूट देणार असेल तर माप देताना मोठ्या पावलाचे द्यावे, आणि तेही संध्याकाळी मोजलेले.